विहिणीची साक्ष

“राजघराणं आहे मुलाचं,” प्रताप म्हणाला, आणि सुनेत्राच्या हातातली कोथिंबिरीची जुडी तशीच हातात राहिली. अमेरिकेतल्या कॅरी गावातलं ते इंडियन ग्रोसरी स्टोअर शनिवारी सकाळी भरलेलं असे. ओळखीचे श्रीरंग आणि नीला ट्रॉली घेऊन समोर उभे होते, नीलाने डोळे मोठे केले होते, आणि प्रताप एक हात आट्याच्या पोत्यावर ठेवून सांगत होता, की आपल्या मुलीचा, हिमानीचा, नवरा होणार तो लुंगिले, त्याचे आजोबा साउथ आफ्रिकेत एका टोळीचे प्रमुख होते, म्हणजे आपल्याकडच्या संस्थानिकांसारखेच, आणि गादी अजून घरातच आहे. “काका बसतात आता गादीवर,” तो म्हणाला. नीला म्हणाली, “बघा सुनेत्राताई, आणि तुम्ही काही बोललाच नाहीत कधी.” सुनेत्रा हसली. कोथिंबिरीतलं पाणी मनगटावरून कोपराकडे उतरत होतं, तिकडे तिचं लक्ष गेलं. हेच वाक्य तिने प्रतापच्या तोंडून अमरावतीच्या फोनवर ऐकलं होतं, न्यू जर्सीच्या मावसभावाला सांगताना ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिला आतून थोडं हसू आणि खूपसं हायसं वाटलं होतं. आज मात्र ते तिला ऐकवेना, कारण गुरुवारी दुपारी लुंगिलेच्या आईने, नोसिफोने, तिला सगळं सांगितलं होतं. “उद्या या ना जेवायला,” प्रताप श्रीरंगला म्हणत होता. “लुंगिलेच्या आई येणार आहेत. त्यांच्या तोंडूनच ऐका सगळं.”

घरी येताना गाडीत तो शीळ घालत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, आणि वाऱ्याबरोबर त्यांची पिवळी धूळ काचेवर येऊन बसत होती. सुनेत्राला शीळ ऐकायला बरं वाटत होतं आणि ऐकवतही नव्हतं. गेल्या वर्षी या माणसाने जवळजवळ वर्षभर आपल्या एकुलत्या एका मुलीशी एक शब्दही बोलला नव्हता. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. हिमानीने फोनवर लुंगिलेचं नाव सांगितलं, तो कोण, कुठला ते सांगितलं, आणि प्रतापने “आईला देतो” म्हणून रिसीव्हर सुनेत्राच्या हातात दिला, बस. त्यानंतर प्रत्येक रविवारी फोन वाजला की तो गराजमध्ये जायचा. तिथे काय करायचा कोण जाणे, खिळ्यांचे डबे उघडायचा आणि झाकायचा. सुनेत्रा हिमानीशी बोलायची आणि त्या डब्यांचा आवाज ऐकायची. तिला वाटायचं, मुलीलाही तो ऐकू जात असेल. मग दिवाळीत हिमानी त्याला घेऊन आलीच. उंच, शांत मुलगा, दारात बूट काढून ते भिंतीला नीट टेकवून ठेवणारा. प्रताप अभ्यासिकेतून बाहेर आला तो नुसत्या रीतीखातर. समोर बसला, काही सुचेना, तेव्हा त्याने आपल्या पिढीतला कुणीही विचारील तेच विचारलं, वडील काय करायचे, आजोबा काय करायचे. वडील कॉलेजात गणित शिकवायचे, लुंगिले म्हणाला. पाच वर्षांपूर्वी वारले. आणि आजोबा? मुलगा क्षणभर थांबला, हिमानीकडे न बघता म्हणाला, “ही वॉज अ चीफ.” प्रताप खुर्चीत मागे टेकला. सुनेत्राने ते पाहिलं, कित्येक महिने ताठ राहिलेली ती पाठ कशी खुर्चीला लागली ते. फराळाचं ताट त्याने स्वतः मुलाच्या पुढे सरकवलं. रात्री हिमानीला विचारलं, उशी ठीक आहे ना. एवढंच. हिमानी न्हाणीघरात जाऊन रडली, आणि नळ सोडून रडली तरी आईला कळलंच.

तेव्हा हे सगळं त्या एका शब्दावर उभं होतं, आणि गुरुवारी नोसिफोने तो शब्द शांतपणे उचलून बाजूला ठेवला. शेजारच्या रॅली शहरातल्या एका हॉस्पिटलात आयुष्यभर नर्स म्हणून काम केलेली बाई. बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघायची तिला सवय होती, जणू नाडी मोजतेय. साड्यांचे रंग बघायला म्हणून ती आली होती. पलंगावर साड्या पसरलेल्या होत्या, तिने एका मोतिया रंगाच्या काठावरून बोट फिरवलं आणि इंग्रजीत म्हणाली, “तुमचे मिस्टर लोकांना आमच्या गादीबद्दल सांगतात असं हिमानी म्हणाली. तुम्हाला पुढे लाज वाटायला नको, म्हणून मला आधी सांगायचंय.” आणि तिने सांगितलं. एकोणीसशे एक्कावन्न साली तिथल्या गोऱ्यांच्या सरकारने एक कायदा केला होता. काळ्या लोकांना आपल्या देशात मत नाही, त्यांनी आपापल्या टोळीच्या प्रमुखाखाली राहायचं, पण तो प्रमुख कोण हे सरकार ठरवणार. पगार सरकारचा, हुकूम सरकारचा, ऐकलं नाही तर काढून टाकायचा अधिकारही सरकारचा. तिच्या गावच्या म्हाताऱ्या प्रमुखाने ते मान्य केलं नाही. तो म्हणाला, मला माणसांनी बसवलंय, ती म्हणतील तेव्हा उठेन. मग एका सकाळी पोलिसांचा ट्रक आला. नोसिफो तेव्हा शाळकरी होती, पाणी आणायला निघालेली. म्हातारा बाहेर आला, ट्रककडे बघितलं, आणि आधी जाऊन त्याने कोंबड्यांच्या खुराड्याचं दार उघडलं. घरातली सगळीच माणसं नेणार होते, मागे दार उघडायला कुणी नसणार, हे त्याच्या एकट्याच्या ध्यानात आलं होतं. त्याला लांब कुठल्या कोरड्या मुलखात नेऊन सोडलं. तो तिथेच मेला. आणि त्याच्या जागी सरकारने बसवला तो त्याचा चुलतभाऊ, मॅजिस्ट्रेटच्या कचेरीतला दुभाष्या, वाचता-लिहिता येणारा, सभ्य. तो नोसिफोचा सासरा. लुंगिलेचे आजोबा.

“वाईट होते का ते?” सुनेत्राने विचारलं होतं. आपण असं का विचारलं हे तिला नंतर कळलं नाही. नोसिफोने साडीच्या काठावरून बोट काढून घेतलं. “नाही,” ती म्हणाली. “त्यांना वाटायचं, मी नाही म्हटलं तर कुणीतरी वाईट माणूस बसेल. त्यांनी शाळेला नवं छप्पर घातलं. आणि लोकांची गुरं मोजून जास्तीची विकायला लावली, ते पण त्यांनीच.” मग तिने वुसुमुझीचं सांगितलं, आपल्या नवऱ्याचं. तो त्या सासऱ्याचा थोरला मुलगा, तिच्याच वर्गात. बाप गादीवर बसल्यावर त्याला नवे बूट आले. शाळेपर्यंत तो बूट घालून यायचा, मग ते काढून मांडीत घेऊन बसायचा, कारण बाकी कुणाला बूट नव्हते. मोठा झाल्यावर तो शिकायला म्हणून अमेरिकेत आला आणि परत गेला नाही. बाप वारल्याचं कळलं तेव्हाही नाही. गेला असता तर थोरल्या मुलाला तिथेच गादीवर बसवलं असतं, म्हणून गेला नाही. धाकटा भाऊ बसला. आता देश बदलला, नवं सरकार आलं, त्याने एक आयोग नेमला, कुठली गादी लोकांची आणि कुठली गोऱ्या सरकारने बसवलेली हे शोधायला. त्या म्हाताऱ्याच्या नातीने दावा लावलाय. ट्रक बघितलेलं माणूस त्यांना हवंय, आणि तसं हयात फारसं कुणी उरलेलं नाही. “मी साक्ष देणार आहे,” नोसिफो म्हणाली. “लग्नाच्या आधीच्या आठवड्यात. फोनवर घेणार आहेत. त्यानंतर लुंगिलेच्या घरात गादी बहुतेक राहणार नाही.” तिने मोतिया साडीची घडी पुन्हा होती तशी घातली. “हा रंग छान आहे,” ती म्हणाली. “म्हाताऱ्या बाईलाही शोभेल.”

शनिवारी दुपारी सुनेत्राने हिमानीला उत्तरेत ॲन आर्बरला फोन लावला. मुलगी जन्मली त्याच गावी आता शिकवत होती, हा एक योगायोगच. “तुला माहीत होतं?” तिने विचारलं. पलीकडे कुठलंतरी दार लावल्याचा आवाज आला. मग हिमानी म्हणाली, “आई, प्लीज. ही इज फायनली टॉकिंग टू मी. लेट हिम हॅव इट. लग्नापर्यंत तरी.” आणि मग मराठीत, अडखळत, “बाबांनी परवा मला विचारलं, बर्फात गाडी नीट चालवतेस ना. एप्रिलमध्ये, आई. इथे बर्फ पण नाहीये आता.” सुनेत्रा हसली आणि तिचे डोळे भरले. फोन ठेवल्यावर ती तशीच ओट्यापाशी उभी राहिली. एअर कंडिशनरची घरघर सुरू होऊन बंद पडली. बाहेर प्रताप दाताळ्याने पाइनची वाळकी पानं गोळा करत होता. वर्षभर मुलीची वाट बघणारा आणि वाट बघतोय हे स्वतःलाही न सांगणारा माणूस. त्याला या एका शब्दाने दार सापडलं होतं. ते लावायचं का? गप्प राहिलं तर काय बिघडणार होतं? उद्या दुपारी श्रीरंग आणि नीला येतील, प्रताप नोसिफोला म्हणेल, सांगा ना तुमच्या सासऱ्यांबद्दल, आणि ती बाई खोटं बोलणार नाही. सगळ्यांसमोर, वरणभाताच्या ताटावर, ती ट्रकचं सांगेल. किंवा आपल्या मुलाच्या सुखासाठी एकदाच गप्प बसेल, आणि ते तर त्याहून वाईट. तिला तसं गप्प बसायला आपणच लावलेलं असेल.

आणखीही एक होतं, आणि ते सुनेत्राने स्वतःशी फारसं उघडून पाहिलं नव्हतं. ती वर्ध्याच्या पोस्टमास्तराची मुलगी. लग्न होऊन देशमुखांकडे आली तेव्हा सासूने पहिल्या संध्याकाळी सांगितलं होतं, आपण देशमुख आहोत हे लक्षात ठेव. तिने ठेवलं. कुणा बादशहाने कधीतरी सनद दिली होती म्हणे. मग निजाम आला, भोसले आले, इंग्रज आले, आणि प्रत्येक वेळी सारा गोळा करून द्यायला देशमुख होतेच. सनद नसती मिळाली तर कुणाला मिळाली असती? कुणाचं खुराडं उघडं पडलं असेल तेव्हा? ते कुणी सांगितलं नाही, कारण ते बघितलेलं माणूस उरलेलं नव्हतं. तिला सासरच्यांचा राग आला नाही. उलट प्रताप अमरावतीच्या फोनवर ‘आपल्यासारखंच घराणं आहे’ म्हणाला होता, ते आठवून तिला वाटलं, बोलून गेला ते त्याला वाटतंय त्यापेक्षा खरंच आहे. ओट्यावरचं फडकं तिने वाळत घातलं आणि ती मागच्या दाराने बाहेर गेली.

त्याने दाताळं थांबवलं नाही. ती बोलत राहिली, तो पानं ओढत राहिला, तीच तीच जागा पुन्हा पुन्हा. ट्रकचं सांगितलं, दुभाष्याचं, वुसुमुझीचं, आयोगाचं. सांगून झाल्यावर तो म्हणाला, “तुला कधी कळलं?”

“गुरुवारी.”

“आणि हिमानीला?”

“तिला आधीपासून माहीत होतं. तुम्ही तिच्याशी बोलायला लागलात, म्हणून बोलली नाही.”

दाताळं थांबलं. “म्हणजे तिला वाटतं मी त्या गादीमुळे बोलतोय,” तो म्हणाला.

सुनेत्रा वाकून पायाशी उडालेली पानं ढिगावर टाकू लागली. त्याने दाताळं झाडाला टेकवून ठेवलं, ते घसरून पडलं, त्याने उचललं नाही. आत जाऊन त्याने श्रीरंगला फोन लावला. तिला स्वयंपाकघरातून एवढंच ऐकू आलं, “हो, उद्याचं कॅन्सल केलं. नाही, सगळे बरे आहेत.” मग तो अभ्यासिकेत गेला. दार लावल्याचा आवाज आला. मागचं वर्ष पुन्हा घरात येऊन बसणार, असं तिला वाटलं. जेवायला तो आला नाही. तिने ताट झाकून ठेवलं, आणि झोप आली नाही तरी ती पडून राहिली. बाजूला तो उशिरा येऊन आडवा झाला आणि तिच्याकडे पाठ केली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो काढला नाही.

रविवारी न्याहारीनंतर तो म्हणाला, “त्यांना फोन कर. त्या इकडे यायच्या ऐवजी आपण तिकडे येतोय म्हणावं.” कशाला ते सांगितलं नाही. दोघं रॅलीला निघाली. सुनेत्राच्या मांडीवर श्रीखंडाचा डबा होता, त्याचा गारवा साडीतून लागत होता, आणि तिच्या मनात येत होतं, आता हा माणूस तिथे जाऊन काय म्हणणार. लग्न मोडायची भाषा तो करणार नाही. पण एखादा थंड, सभ्य शब्द टाकेल, तसले शब्द त्याच्याकडे असतात, आणि नोसिफो ते ऐकून घेईल, नर्स ऐकून घेते तसे.

नोसिफोचं घर लहान, विटांचं. तिने खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. भिंतीवर वुसुमुझीचा फोटो, फळ्यासमोर उभा, बाहीला खडू लागलेला. प्रताप आधी फोटोसमोर जाऊन उभा राहिला. मग बसला, चहाचा कप हातात घेतला, प्यायला नाही. “मी तुमची क्षमा मागायला आलोय,” तो इंग्रजीत म्हणाला. “तुम्हाला न विचारता मी लोकांना सांगत सुटलो.” नोसिफो म्हणाली, “तुम्ही खोटं काही सांगितलं नाही. अर्धं सांगितलं.” ती रागाने म्हणाली नव्हती. मग त्याने विचारलं, “साक्ष दिल्यावर तुमचे दीर काय करतील?”

तेव्हा तिने ते सांगितलं, जे गुरुवारी सुनेत्रालाही सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे माणूस परदेशी मेला की त्याचा आत्मा तिथेच अडकून राहतो. घरच्या कुणीतरी जाऊन, तो जिथे गेला तिथून, एका काटेरी झाडाच्या फांदीवर त्याला घेऊन यायचं असतं. लग्नानंतर हिमानी आणि लुंगिले वुसुमुझीला असं घरी नेणार होते. फांदी तिकडून आणवून ठेवली होती. पण घर म्हणजे ते घर, जिथे आता दीर बसतो. साक्षीनंतर तो फाटक उघडेल की नाही, सांगता येत नाही. “मग तरीही देणार?” प्रतापने विचारलं.

“वुसुमुझी आयुष्यभर त्या बुटांची लाज बाळगून होता,” ती म्हणाली. “मी गप्प बसून त्याला घरी नेलं, तर तो कुठल्या तोंडाने येईल? फाटक बंद असलं तर बाहेर रस्त्यावर उभं राहून त्याला सांगू, हे बघ, हे तुझं घर.”

सुनेत्राने विचारलं, नेतात म्हणजे कसं नेतात. नोसिफोच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू आलं. “बोलत बोलत न्यायचं. ज्याच्या हातात फांदी, त्याने दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही, फक्त त्याच्याशी. आता आपण दारातून निघालो. आता गाडीत बसतोय. आता नदी ओलांडतोय. नाहीतर तो वळणावर मागे राहतो.”

“विमानात पण?” प्रतापने विचारलं.

“विमानात पण. काही लोक त्याचं वेगळं तिकीट काढतात.”

तो हसेल असं सुनेत्राला वाटलं. तो हसला नाही. कपातल्या चहाकडे बघत राहिला, आणि मग, नोसिफोलाही नाही आणि सुनेत्रालाही नाही असं, म्हणाला, “माझे वडील गेले तेव्हा मी पण गेलो नव्हतो. गादी-बिदी काही नव्हती. ग्रीन कार्डाचं चाललं होतं. वकील म्हणाला, आता देश सोडू नका.” एवढंच बोलून तो थांबला. सुनेत्राला तो दिवस आठवला. ॲन आर्बरच्या त्या हिवाळ्यात तार आली होती, तान्ही हिमानी तिच्या खांद्यावर होती, आणि प्रताप फावडं घेऊन बाहेर गेला होता. आपल्या दारासमोरचा बर्फ काढून झाला, तरी तो शेजाऱ्यांच्या दारासमोरचा काढत राहिला, मग त्यांच्या शेजाऱ्यांच्या. ती खिडकीत उभी राहून बघत होती, त्याची पाठ लहान लहान होत गल्लीच्या टोकापर्यंत गेली. त्यानंतर इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल तो एक अक्षर बोलला नव्हता. तिनेही विचारलं नव्हतं. ती समजत होती, की तो विसरला. आज एका परक्या बाईच्या विटांच्या घरात ते त्याच्या तोंडून आलं, कोरडं, वकिलाच्या शब्दांत. नोसिफो उठली, तिने त्याच्या हातातला गार चहाचा कप काढून घेतला आणि त्याचं मनगट क्षणभर धरून ठेवलं.

मग ती तिघं जेवली. मक्याची घट्ट लापशी, पालेभाजी, आणि वर सुनेत्राने आणलेलं श्रीखंड, जे नोसिफोने लापशीबरोबरच खाल्लं आणि चांगलं लागतं म्हणाली. निघताना प्रतापने तिच्याकडून फोन मागून घेतला आणि ओसरीत जाऊन हिमानीला लावला. सुनेत्राला जाळीच्या दारातून ऐकू येत होतं. “मी लुंगिलेच्या आईंकडे आहे. सगळं कळलं मला. नाही, तू ऐक.” मग, “तुम्ही नेणार ना त्यांना? ती फांदी बिंदी. तिकीट मी काढतो. तिघांचं.” पलीकडून हिमानी काय म्हणाली ते कळलं नाही. तो मात्र म्हणाला, “तू कुणाशीही लग्न ठरवलं असतंस तरी मी बोललोच असतो. वेळ लागला असता. मूर्ख आहे ना मी.” मग त्याने फोन कानापासून थोडा लांब धरला. त्यातून हसण्याचा की रडण्याचा आवाज येत होता, आणि तो ते तसाच ऐकत उभा राहिला.

परतीच्या वाटेवर ऊन कलतं होतं. रस्त्यावर गाड्या तुरळक होत्या. सुनेत्राने डोळे मिटून डोकं सीटला टेकवलं. प्रताप गाडी चालवताना कधी बोलत नसे, म्हणून आवाज आला तेव्हा तिला आधी वाटलं, रेडिओ लागला. “आता हायवे लागला,” तो म्हणाला. ती ‘हं’ म्हणणार होती. “इथे नेहमी गर्दी असते. आज रविवार आहे म्हणून नाही.” आवाज हळू होता, आणि त्यात वऱ्हाडातलं एक वळण होतं, जे तिने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत ऐकलं होतं आणि नंतर कधी नाही. तिने डोळे उघडले नाहीत. “हे उजवीकडे दिसते ते तळं आहे. हिमानी लहान होती तं इथे यायचो.” गाडीने लेन बदलली, इंडिकेटर टिकटिकला आणि थांबला. सुनेत्राने तोंड खिडकीकडे फिरवलं, श्वाससुद्धा सांभाळून घेतला, मध्ये आपला आवाज यायला नको म्हणून.

“बाबा,” तो म्हणाला, “याच्यापुढचा एक्झिट आपला.”